अभ्यास आणि पढाई : जयपुरातील एका मराठी पंडिताच्या निमित्ताने

मराठी मुलगा 'अभ्यास करतो' आणि जयपुरात त्याच्या शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा 'पढाई करतो'. दोघांपुढे पुस्तक तेच असते, परीक्षाही तीच असते. परंतु दोन भाषांनी त्या एकाच उद्योगाला दिलेली ही दोन नावे विचार करण्यासारखी आहेत. 'पढणे' म्हणजे मुळात वाचणे, म्हणणे. 'अभ्यास' म्हणजे एखादी गोष्ट पुनःपुन्हा करणे. जुन्या संस्कृत गणितग्रंथांत तर गुणाकारालाच 'अभ्यास' हा शब्द योजलेला आढळतो. मराठीने विद्यार्थ्याच्या कामासाठी क्रियेचा शब्द निवडला आणि वाचनाचा शब्द काहीशा उपहासासाठी राखून ठेवला. 'पढवलेला पोपट', 'पढिक पांडित्य' हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी एक स्वतंत्र समास खर्ची घातला, तोही उगाच नव्हे.

शब्द नेमका असला म्हणजे आचारही तसाच असतो, असे मात्र नाही. अभ्यास करतो म्हणणारा मराठी मुलगा बहुधा पढाईच करीत असतो. तो धडा वाचतो, महत्त्वाच्या ओळींखाली रंगीत रेघा ओढतो, पुन्हा वाचतो आणि तिसऱ्या वाचनाला मजकूर ओळखीचा वाटू लागला की 'आले' असे समजून पान उलटतो. ओळख पटणे आणि आठवणे या दोन क्रियांत रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखणे आणि त्याचे नाव सांगता येणे यांच्याइतके अंतर आहे. परीक्षेत नाव विचारले जाते.

हे अंतर मोजलेही गेले आहे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या एका गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते, तर लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. या आकड्यांपेक्षाही एक गोष्ट अधिक बोलकी आहे. आपल्याला पुढे किती आठवेल असे आधी विचारले असता वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक होता. ज्या रीतीने कमी शिकले जाते तीच रीत शिकल्याचा भास अधिक देते. विद्यार्थ्याच्या आळसापेक्षा हा भास अधिक घातक म्हटला पाहिजे. कारण आळशाला आपला आळस निदान ठाऊक असतो.

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवरून सायंकाळी जाणाऱ्याला आळस कोठेही दिसणार नाही. शिकवणी वर्गांच्या पाट्या, खानावळी, छायाप्रतींची दुकाने, पाठीवर ओझे घेतलेली पंधरा ते अठरा वर्षांची मुले, असा तो रस्ता आहे. कोट्याइतके नाव नसले तरी जयपूरही आता या व्यवसायाचे मोठे केंद्र झाले आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. आणि त्या एका मिनिटासाठी दोन-दोन वर्षे घर सोडून राहावे लागते. कोट्यात २०२३ साली विद्यार्थ्यांच्या आत्महत्या इतक्या वाढल्या की वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. पुढल्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, सोळा वर्षांखालील मुलांना वर्गांत प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने प्रसृत केली. पंख्याची स्प्रिंग आणि वयाची अट हे दोन्ही उपाय आवश्यक असतील. तथापि ही मुले दिवसाचे बारा-चौदा तास नेमके काय करतात, या प्रश्नाला त्यांतला एकही उपाय स्पर्श करीत नाही.

याच शहरात तीनशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने केलेला अभ्यास येथे आठवणे उचित ठरेल. सवाई जयसिंह (१६८८–१७४३) याने १७२७ साली जयपूर वसविले. त्याच्या ज्योतिषमंडळात जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित अग्रस्थानी होता. संस्कृत ज्योतिषात तो पारंगत होताच. पण राजाच्या इच्छेनुसार त्याने अरबी आणि फारसी आत्मसात केल्या आणि नसीरुद्दीन तूसी याने सिद्ध केलेल्या अरबी पाठांवरून दोन ग्रंथ संस्कृतात आणले. एक युक्लिडचा भूमितिग्रंथ, 'रेखागणित' या नावाने. दुसरा टॉलेमीचा 'अल्माजेस्ट', १७३२ च्या सुमारास, 'सम्राट्‌सिद्धान्त' या नावाने. 'रेखागणिता'चे पंधरा अध्याय आणि ४७८ सिद्धान्त आहेत. ते १९०१-०२ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाखाली छापले गेले. शं. बा. दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' (१८९६) या मराठी ग्रंथातही या कार्याची दखल आहे. तरीही जयपूर म्हटल्यावर मराठी वाचकाला चौथाईच्या स्वाऱ्या आठवतात, जगन्नाथ आठवत नाही. हे आपल्या इतिहासवाचनाचे वैगुण्यच होय.

शास्त्री-पंडिताने परक्या लिपीची मुळाक्षरे गिरवायला बसणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. आपल्या शास्त्रात अधिकारी असलेला मनुष्य दुसऱ्या शास्त्राच्या दारात पुन्हा बालबोध होतो, तेव्हा प्रथम त्याला आपली प्रतिष्ठा बाजूला ठेवावी लागते. प्रौढ विद्यार्थ्याला स्मरणशक्तीपेक्षा नेमकी हीच गोष्ट अधिक जड जाते. जगन्नाथापुढची खरी अडचण मात्र याच्याही पुढची होती. भाषांतर करणाऱ्याला न समजलेल्या वाक्यावरून पुढे सरकता येत नाही. वाचणारा सरकू शकतो. 'साधारण कळले' एवढ्यावर त्याचे भागते. युक्लिडचा एखादा सिद्धान्त दुसऱ्या भाषेत लिहायचा तर प्रत्येक पदाला प्रतिपद शोधावे लागते, आणि ते शोधताना आपल्याला काय कळलेले नाही याचा हिशेब आपोआप होतो. अरबीत सिद्धान्ताला व आकृतीला 'शक्ल' म्हणतात. जगन्नाथाने 'शकल' हा शब्द घेतला. संस्कृतात शकल म्हणजे तुकडा, खंड. अरबी ध्वनी राहिला, संस्कृत अर्थही बसला, आणि ग्रंथाच्या एकेका खंडाला चपखल नाव मिळाले. ज्याला दोन्ही बाजूंचे पूर्ण आकलन आहे त्यालाच असा शब्द सुचू शकतो.

सेंट लुइसच्या विद्यार्थ्यांनी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर जे केले त्याचेच हे अधिक कठोर रूप आहे. शिकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभी करणे, ही एकच कसोटी अशी आहे की तिच्यापुढे भास टिकत नाही.

येथे एक आक्षेप येईल. भारतीय विद्याभ्यास हा पाठांतराचाच होता. मग पाठांतराला दूषण देऊन संस्कृत पंडिताचाच दाखला कसा देता येईल? हा आक्षेप अर्धवट माहितीवर उभा आहे. 'लीलावती'तील सूत्रे श्लोकबद्ध आहेत आणि ती मुखोद्गत करीत, हे खरे. पण सूत्राच्या पाठोपाठ उदाहरण येते, ते विद्यार्थ्याला उद्देशून प्रश्नरूपाने येते, आणि ते सोडविल्यावाचून सूत्र पुरे होत नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ साली 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली. तीत रीतींच्या उपपत्ती, म्हणजे ती रीत तशीच का, याची कारणे दिलेली आहेत. श्लोक ही खुंटी होती. उपपत्ती हे तिच्यावर टांगायचे वस्त्र. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पावकी-निमकी घोकली तीही बाजारात क्षणार्धात हिशेब करण्यासाठी, म्हणजे वापरण्यासाठी. आजच्या वर्गांत जी 'शॉर्ट ट्रिक' फळ्यावर येते ती श्लोकाची वारसदार आहे, केवळ उपपत्ती गळालेली. पाठांतर वाईट नाही. नुसत्या खुंट्यांनी भरलेली भिंत मात्र निरुपयोगी असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर्गांतून दर आठवड्याला चाचण्या होतातच. मग 'पुस्तक मिटून आठवा' हे तत्त्व तेथे पाळले जाते, असे का म्हणू नये? चाचणी होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु चाचणीनंतर विद्यार्थ्याच्या हाती काय पडते, हे पाहावे. फलकावर क्रमांक लागतो. चारशेवा, सातशेवा, बाराशेवा. कोणत्या प्रश्नात कोणती समजूत चुकली हे त्या क्रमांकात नसते. असते ती फक्त इतरांशी तुलना. चुकीची कारणमीमांसा करायला वेळ नसतो, कारण दुसऱ्या दिवशी नवा धडा उभा असतो. जी चाचणी शिकण्याचे साधन व्हावी ती निवाड्याचे साधन होते, आणि पंधरा वर्षांचे मूल दर रविवारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते.

चुकीकडे कसे पाहावे याविषयी जयसिंहाचे उदाहरण दोन्ही अंगांनी उद्बोधक आहे. मुहम्मदशाहाच्या नावे त्याने सिद्ध करविलेल्या ज्योतिषकोष्टकांच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांचे दोष नोंदले आहेत. ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकते. म्हणून त्याने दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधविली, आणि दिल्लीचे वेध बरोबर आहेत की नाहीत हे ताडून पाहण्यासाठी जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जयिनी येथे वेधशाळा उभारल्या. एकाच उत्तरावर विश्वास न ठेवता तेच उत्तर निराळ्या ठिकाणाहून काढून पाहणे, ही विद्यार्थ्याने उचलावी अशीच सवय आहे. पुढे पाद्री मॅन्युएल द फिगेरेदो याच्याबरोबर त्याने गोव्यामार्गे पोर्तुगालला एक मंडळ पाठविले. त्या मंडळाने आणलेली ला हीरची कोष्टके वेधांशी ताडून पाहिली असता चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला. फरक पकडला, हे त्याचे श्रेय. पण युरोपातील यंत्रे पुरेशी मोठी नसावीत म्हणून ही चूक झाली, असे कारण त्याने दिले. आणि तेथे तो घसरला. चंद्राच्या गतीचे गणितच त्या काळी कोठेही पूर्ण सुटलेले नव्हते. चूक अचूक हेरणारा मनुष्य तिचे कारण आपल्या आवडत्या समजुतीत शोधतो, आणि मोठ्या यंत्रांवरचा विश्वास ही जयसिंहाची आवडती समजूत होती. दुर्बीण त्याला ठाऊक होती, तिच्यातून पाहिलेल्या गुरूच्या उपग्रहांचा उल्लेखही त्याच प्रस्तावनेत आहे. तरी ज्या सिद्धान्ताने युरोपचे ज्योतिष उलटेपालटे झाले तो जयपुरात रुजला नाही. उत्तरे त्याने जगभरातून मागविली. प्रश्न मात्र त्याने टॉलेमीचे आणि उलुग बेगचेच ठेवले.

जयपूरच्या सम्राट यंत्राचा शंकू सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या पट्टीवर दोन सेकंदांपर्यंतचे विभाग आहेत. छाया सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते; डोळ्यांनी ती सरकताना दिसते. तथापि सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्याने छायेची कड स्पष्ट रेषेसारखी पडत नाही, ती काही सेंटिमीटर धूसर असते. नेमकी वेळ वाचायची तर बारीक दोरा धरून कडेचा मध्य ठरविण्याचे कसब निरीक्षकाला हस्तगत करावे लागते. नुसत्या आकाराने अचूकता येत नाही. शिवाय यंत्र दाखविते ती जयपूरची स्थानिक सौर वेळ. तेथे येणारे प्रवासी मनगटावरच्या घड्याळाशी ती ताडतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास फरक पाहून यंत्र चुकते म्हणून हसतात. जयपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने त्यातली जवळजवळ सत्तावीस मिनिटे तेथेच हिशेबात लागतात. उरलेला फरक ऋतुमानानुसार बदलतो आणि तोही कोष्टकात मिळतो. चुकीच्या आणि निराळ्या यांतील भेद ज्याला कळला त्याचे अर्धे शिक्षण झाले.

१७४३ नंतर ही वेधशाळा हळूहळू ओस पडली. यंत्रे दगडाची होती म्हणून टिकली. ती वापरणारी शिष्यपरंपरा टिकली नाही. १९०१-०२ मध्ये लेफ्टनंट गॅरेट याच्या देखरेखीखाली तिचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा त्याच्या मदतीला जयपुरातच जन्मलेला, विशी न ओलांडलेला एक विद्यार्थी होता : चंद्रधर शर्मा गुलेरी. पुढे 'उसने कहा था' या कथेमुळे हिंदी साहित्यात अमर झालेले ते हेच गुलेरी. वेधशाळेवरील १९०२ च्या इंग्रजी ग्रंथावर गॅरेटच्या जोडीने त्यांचे नाव आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या वयात संस्कृत, इंग्रजी आणि चुना-दगड यांच्यामध्ये उभे राहून काम करण्याची संधी मिळाली. आजच्या गोपालपुऱ्यातील एकोणीस वर्षांच्या मुलाला ती कोणी देऊ करील काय? त्या मुलांपैकी बहुतेकांनी जंतरमंतर आतून पाहिलेलेही नसेल, कारण ते अभ्यासक्रमात नाही.

महाराष्ट्रातून उत्तरेकडील अशा वर्गांत गेलेल्या मुलाची एक अडचण फारशी बोलली जात नाही, आणि ती जगन्नाथाच्या अडचणीशी जुळणारी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला हा मुलगा पेटी घेऊन येतो तो मराठी परिभाषेसह. वर्ग चालतो हिंदी-इंग्रजी मिश्र भाषेत. हिंदी कळते असे त्याला वाटते, कारण ती रोजच्या व्यवहारात कळते. आणि फसगत होते ती याचमुळे. परके शब्द त्रास देत नाहीत, ते परके आहेत हे ठाऊक असते. ओळखीचे शब्द दगा देतात. मराठीत 'पेशी' हा जीवाचा मूलघटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात आणि 'पेशी' म्हणजे मराठीतला स्नायू. मराठीत 'स्नायू' आकुंचन पावतो. हिंदीच्या शालेय पुस्तकात 'स्नायु' हाडाला हाड जोडतो. मराठीतले 'वस्तुमान' हिंदीत 'द्रव्यमान' होते. जीवशास्त्राच्या तासाला एखादे मूल आठवडाभर चुकीचे चित्र डोक्यात रंगवीत बसले असेल, तर तो दोष त्याच्या बुद्धीचा किंवा परिश्रमांचा मुळीच नव्हे. त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. प्रवेशपरीक्षांच्या प्रश्नपत्रिका आता मराठीतही मिळतात, पण ज्याने दोन वर्षे हिंदी-इंग्रजीत ऐकले त्याला परीक्षेच्या दिवशी मराठी प्रश्नपत्रिका मिळून उपयोग थोडाच.

शाळांनी आणि वर्गांनी यावर काही करावे, अशी अपेक्षा ठेवता येईल. ती पुरी होईपर्यंत बऱ्याच मुलांची वर्षे निघून जातील. जगन्नाथाने जे केले ते मात्र कोणाच्याही परवानगीवाचून करता येण्यासारखे आहे. एक शंभर पानी वही घ्यावी. पानावर तीन रकाने पाडावेत : मराठी, हिंदी, इंग्रजी. दिवसभरात भेटलेला प्रत्येक पारिभाषिक शब्द रात्री पुस्तक मिटून आठवावा, तिन्ही रकान्यांत लिहावा आणि त्याखाली त्याची व्याख्या स्वतःच्या मराठीत एका वाक्यात मांडावी. जो रकाना रिकामा राहील तो सकाळी प्रथम पाहावा. तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी तेच पान झाकून पुन्हा लिहून पाहावे. विसरण्याच्या वाटेवर असलेली गोष्ट पुन्हा आठवली की ती अधिक पक्की बसते, हे १८८५ साली जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस याने स्वतःच्याच स्मरणावर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविलेल्या तत्त्वाशी सुसंगत आहे. रोज वीस शब्दांहून अधिक भेटत नाहीत. अर्धा तास पुरतो, आणि त्यानंतर दिवा मालवून झोपावे. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेल्या पानांपैकी फारसे काही उरत नाही, कारण स्मरण पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.

जयपुरातल्या एखाद्या मराठी मुलाने ही वही दोन वर्षे नेटाने ठेवली, तर ती त्याच्या नंतर येणाऱ्या मुलाच्या हाती देता येईल. आज अशी वही तेथे त्याला कोणी देत नाही. पहिल्या पानावरचा पहिला शब्द 'पेशी' असावा.